अंधारातल्या अंगठ्या

शेजारच्या काकूंनी गिरणीच्या दुकानातून नवी कोरी चादर आणली आणि झटकायला हरिणीच्या हातात तिचं एक टोक दिलं. चादर झटकली तशी घडीतून काहीतरी खाली पडलं. हरिणीनं उचलून बघितलं, तर दोऱ्याची अंगठी. लाल-पिवळी, चार वेढ्यांची, खाली बारीक गाठ मारलेली.

अशी अंगठी सोलापुरात एकच बाई करायची आणि ती म्हणजे हरिणीची अम्मा. पद्मजा यलगम चादरींच्या गिरणीत तपासणी आणि घडीच्या कामावर होती. मागावरून उतरलेल्या चादरीच्या कोपऱ्यात एखादा दोरा लोंबत राहतो. गळ्यात कात्री लटकत असली तरी अम्मा तो दातांनीच तोडायची, करंगळीच्या टोकाभोवती गुंडाळायची आणि गाठ मारायची. दर चादरीला एक. बाकीच्या अंगठ्या कचऱ्यात जायच्या आणि दिवसातली सर्वांत सुंदर अंगठी संध्याकाळी हरिणीला मिळायची. त्यांनी बिस्किटांचा एक डबा गच्च भरला होता.

मग यात नवल ते काय? नवल असं, की अम्मा टायफॉईडनं अंथरुणाला खिळली होती. गेले तीन आठवडे तिनं गिरणीचं तोंडही बघितलं नव्हतं आणि चादर तर याच आठवड्यात विणलेली होती. शिवाय अम्माच्या अंगठीचं टोक दातांनी चावून पिंजारलेलं असायचं. या अंगठीचं टोक सुरीनं कापावं तसं सरळ होतं.

घरी अम्मानं अंगठी हातात घेऊन उलटीपालटी केली. तिचा चेहरा उतरला.

"गाठ माझीच आहे," ती हळूच म्हणाली. "पण मी नाही बांधली."

हरिणीला त्या रात्री काही नीट झोप लागली नाही.

दोनच दिवसांनी गिरणीतून डॉ. अंबादास गाजुल यांचा फोन आला. गाजुल सर म्हणजे गिरणीतली नवी यंत्रं घडवणारे म्हातारे शास्त्रज्ञ. घडी घालायचं नवं यंत्र एक विचित्र हालचाल करतंय, जरा येऊन बघता का, असं ते म्हणाले. फोन ठेवल्यावर अम्मानं हरिणीपासून काही लपवलं नाही. यंत्र परीक्षेत पास झालं, की घडीच्या कामावरच्या सगळ्या बायकांना घरी बसावं लागणार होतं. अम्मालासुद्धा.

"मग तू त्याला कशाला मदत करायलीस?" हरिणीनं विचारलं.

"मी नाही गेले तर दुसरं कुणी जाईल. आणि ती अंगठी कुणी केली, ते मला बघायचंय."

ताप उतरला होता तरी अम्माच्या अंगात अजून त्राण नव्हतं; हरिणी हट्टानं बरोबर गेली. बाहेर सोलापूरचं भर दुपारचं ऊन डोळ्यांत खुपत होतं. गाजुल सरांनी घडी विभागाशेजारच्या, नव्या यंत्राच्या खोलीचं दार उघडलं आणि आत मिट्ट काळोख होता. दार मागे लागलं तेव्हा हरिणीला स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

"दिवे गेलेत का, आजोबा?"

"दिवे काढूनच टाकलेत, बाळ. इथं आता माणूस नसतो. यंत्रं अवरक्त किरणांवर (आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) बघतात. दिव्यांचं बिल वाचतं."

काळोखात कामाचे आवाज मात्र येत होते. चादरीची सळसळ. घडी पडल्याचा मऊ आवाज. आणि मग थप, थप. घडी झाली की अम्मा चादरीवर तळवा दोनदा थोपटायची, अगदी तसाच, तितक्याच अंतरानं.

"अम्मा," हरिणीनं आवाजाच्या दिशेनं हाक मारली.

"मी इथं आहे," अम्मा तिच्या शेजारून म्हणाली. तिचा हात हरिणीच्या हातातच होता. पुढून पुन्हा आवाज आला, थप, थप. 

गाजुल सरांनी विजेरी लावली. लांब टेबलापाशी पोलादाचे दोन हात तेवढे होते. त्यांना डोकं नव्हतं की धड नव्हतं. त्यांनी चादरीचा कोपरा चाचपला, लोंबता दोरा चिमटीत धरला आणि तो वर नेला, अम्माचं तोंड जितक्या उंचीवर आलं असतं तितका वर. तिथं तोंड नव्हतंच. हात क्षणभर तसाच थांबला, मग बोटातलं पातं चकाकलं आणि दोरा तुटला. बोटाभोवती चार वेढे, गाठ. मग तो हात अंगठी घेऊन पुढे झाला, कुणीतरी घ्यावी म्हणून. कुणी घेईना तेव्हा बोटं उघडली.

विजेरीचा झोत खाली गेला. यंत्राच्या पायाशी अंगठ्यांचा ढीग साचला होता, हरिणीच्या गुडघ्याएवढा. एक-दोन अंगठ्या घरंगळून घड्यांमध्ये गेल्या असणार, त्यातलीच काकूंच्या चादरीत आली होती.

"हीच ती हालचाल," गाजुल सर म्हणाले. "हिच्यामुळं यंत्र संथ झालंय. ही कशासाठी आहे, ते मला कळत नाही."

अम्मा खाली बघत राहिली. "गेल्या वर्षी तुम्ही हातमोजे दिले होते ना सर, ते घालूनच मी अंगठ्या करत होते. पोरीसाठी. दर अंगठी तिच्या बोटात घालतेय असा हात पुढं करून, किंचित वळवून बघायचे. ते कामात धरलं जाईल, असं मनातसुद्धा आलं नाही."

गाजुल सरांच्या आता लक्षात आलं. हरिणीला मात्र अजून उलगडा झाला नव्हता.

"पण याला शिकवलं कुणी, आजोबा?"

"तुझ्या अम्मानंच. त्या हातमोज्यांत संवेदक (हालचाल आणि दाब टिपणारे बारीक तुकडे) होते. पूर्वी यंत्राला आम्ही एकेक सूचना द्यायचो, हे उचल, इथं दुमड. हे यंत्र तसं नाही. याच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता (पुष्कळ उदाहरणं बघून त्यांतला नियम आपणच शोधण्याची यंत्राची हातोटी) आहे. त्यानं अम्माच्या हजारो घड्या बघितल्या. दर वेळी जे घडतं ते गरजेचं, असं धरून चाललं. घडी दर वेळी, थोपटणं दर वेळी, अंगठीही दर वेळी."

"म्हणजे अंगठी कुणाला द्यायची, ते त्याला माहीत नाही?"

"द्यायचं म्हणजे काय, हेच त्याला माहीत नाही. कसं करायचं ते ठाऊक आहे, कशासाठी ते नाही."

तेवढ्यात पोलादी हात नवी अंगठी घेऊन पुन्हा पुढे झाला. हरिणीला भीती वाटत होती आणि त्या हाताची दयाही येत होती. तिनं आपलं बोट पुढं केलं. यंत्रानं अंगठी तिच्या बोटावर सरकवली, अगदी अम्मासारखी, किंचित वळवून. पण अंगठी मधल्या पेरावर अडकली. हरिणीनं दाबून बघितली, तरी ती पुढं जाईना.

"अम्माची बसते," ती म्हणाली. "ही घट्ट आहे."

अम्मानं विजेरीच्या उजेडात बघितलं आणि तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "तू वाढलीस की गं. मी दर दोन-तीन महिन्यांनी वेढा सैल करते. याला गेल्या वर्षीची हरिणी ठाऊक आहे."

"अगदी बरोबर," गाजुल सर म्हणाले. "यंत्र शिकतं ते होऊन गेलेल्या गोष्टींवरून. आज काय बदललं, ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. नक्षी बदलते, सूत बदलतं, गिऱ्हाइकाची आवड बदलते. स्वयंचलन (माणसाचं काम यंत्रानं आपोआप करणं) आलं म्हणजे कामं नुसती जात नाहीत, त्यांचे तुकडे पडतात. घडी यंत्राकडे जाईल. काय शिकवायचं, काय नाही, चुकलं कुठं, हे बघायला माणूस लागेल. पद्मजाबाई, ते काम तुम्ही कराल?"

"आणि बाकीच्या बायका?"

"सगळ्यांना इथं काम नसेल. खोटं कशाला बोलू?"

"मग आळीपाळीनं सगळ्यांना शिकवू द्या. प्रत्येकीचा हात वेगळा आहे. तुमचं यंत्र एकीवरच शिकलं, म्हणून फसलं."

गाजुल सरांनी मान डोलावली. मालकांशी बोलतो म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, "अंगठीचं काय करू? मालक म्हणतात, राहू दे. चादरीबरोबर अंगठी मिळाली तर गिऱ्हाइकांना आवडेल."

"नाही," अम्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हरिणीनं तो असा कधी ऐकला नव्हता. "काम घ्या सर, ते मी दिलंय. ही मी तुम्हाला दिलेली नाही."

शिकलेलं विसरायला लावायचं, तर यंत्राला नवी उदाहरणं दाखवावी लागतात. अम्माचं नवं काम सुरू झालं ते तिथूनच. अंगात पुरती ताकद आल्यावर तिनं हातमोजे चढवले आणि अंगठी न करता घड्या घालायला बसली. तिच्यासाठी टेबलावर एक दिवा लावला होता. सोपं वाटलं होतं, पण हात ऐकेनात. दोरा चिमटीत आला की तोंडाकडे जायचा, अम्मा त्याला अर्ध्यावर थांबवायची आणि कात्रीनं तोडून टाकून द्यायची. समोर काळोखात पोलादी हातही अर्ध्यावर थांबायला शिकत होते. शाळेतून आलेली हरिणी ते बघत बसायची. ढीग वाढायचा थांबला तेव्हा तिला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या बायका आळीपाळीनं शिकवायला येणार होत्या. आपण मोठेपणी हेच काम करायचं, असं हरिणीनं ठरवून टाकलं. यंत्राला काय दाखवायचं आणि काय नाही, हे तिला आतापासूनच थोडं कळायला लागलं होतं.

ढीग वाढायचा थांबला त्या संध्याकाळी काम आटोपल्यावर अम्मानं हातमोजे काढले, पेटीत ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. पलीकडचे पोलादी हात बंद झालेत ना, तेही एकदा बघून घेतलं. मग पदराआड राखून ठेवलेला निळा दोरा तिनं दातांनी तोडला, बोटाभोवती चार सैल वेढे घेतले आणि हरिणीकडे हात पुढे केला.

अंगठी बरोबर बसली.