सवतीच्या टाकामागची तार

चंद्रभान सकाळीच जिंतूरला मोटारीतून उतरला. पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला चिनीमातीचा नवा होल्डर, पेचकस, आणि दोन लांब तारा जोडलेला, वीज तपासायचा दिव्याचा गोळा होता. आक्काच्या घरातला दिवा दुरुस्त करायचा, जेवायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. हैदराबादेत तो विजेचंच शिकत होता.

दाजी वैजीनाथ कापसाच्या जिनात मुकादम. महिन्यापूर्वी मालकानं इंजिनावरची वीज त्यांच्या घरापर्यंत ओढून दिली होती. सगळा मोहल्ला बघायला लोटला होता म्हणे.

चंद्रभाननं ओसरीवर पाय ठेवला न ठेवला, तोच आक्काची सासू गोजरबाई म्हणाली, "पाहुणे, बरं झालं आलात. उद्या गाडी जुंपाय लावते. पारूला घेऊनच जा."

"का मावशी? काय केलं आक्कानं?"

"तिनं न्हाई केलं. पर तिच्या हातानं मोठी उठायलीय."

मोठी म्हणजे धुरपता, वैजीनाथची पहिली बायको. बाळंतपणात गेली. रीतीप्रमाणं तिचा चांदीचा टाक घडवून माजघराच्या भिंतीतल्या देवळीत बसवला होता. त्याला रोज आंघोळ घालायची, कुंकू लावायचं, हे दुसऱ्या बायकोचं काम. आता पारूबाईनं आंघोळ घातली की वरचा दिवा आपोआप पेटत होता. बटन बंद असताना.

"परवा गोळा पुसाय गेले, तर हात झटकला तिनं..." म्हातारी हळूच म्हणाली.

"होल्डर खराब असंल. खामखा भुतावर घालायलात."

त्यानं फ्यूज काढला, स्टुलावर चढून नवा होल्डर बसवला, फ्यूज परत लावला. बटन बंदच ठेवलं. "घाल आक्का आंघोळ."

माजघराला खिडकी नव्हती. भर सकाळी आत अंधार, ओल्या मातीचा आणि विझलेल्या वातीचा वास. लांबून इंजिनाचे ठोके जमिनीतून तळव्यांना लागत होते. पारूबाईनं तांब्या कलता केला. पाणी चांदीवरून ओघळलं, देवळीच्या कडेनं भिंतीत जिरलं. टप... टप...

वर काचेत एक निखारा उमटला. मग लाल दोरा झाला. त्या उजेडात टाकावरचे डोळे ओले दिसले.

बटनाजवळ कुणीच नव्हतं.

चंद्रभानच्या मानेवर काटा आला. वैजीनाथ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "राहू दे बाबा. पोचवतो मी तिला माहेरी."

"मी न्हाई जायची," पारूबाई म्हणाली. "तिचं सारं मी केलं. तिच्या आईला वर्साला लुगडं धाडते. ती मला का हाकलंल?"

चंद्रभानला संताप आला. दिल्या घरची पोर एका लाल दोऱ्यावरून परत पाठवायची? त्यानं दात आवळले आणि विचार करायला लागला. दिवा पेटतो म्हणजे एका तारेनं आलेली वीज कुठून तरी परत जातेय. बटनातून नाही. मग कुठून?

तो स्टुलावर चढला आणि गोळा काढला. बटन बंदच होतं, तरी तपासणीच्या गोळ्याची एक तार होल्डरात आणि दुसरी देवळीच्या ओल्या कडेला टेकवताच तो मंद पेटला. कोरड्या भिंतीला लावली, विझला.

"सापडली!" तो ओरडला. "मावशी, सापडली!"

"कोण... मोठी?"

"तार!"

फ्यूज काढून त्यानं देवळीमागची लाकडी पट्टी उचकटली. परतीची तार तिथून गेली होती, रोजच्या पाण्यानं तिचं वेष्टण कुजलं होतं. वीज ओल्या भिंतीतून जमिनीत उतरत होती. आणि बटन बसवलं होतं त्याच परतीच्या तारेवर. म्हणून ते बंद केलं तरी होल्डरात वीज राहायची, शिवणाऱ्याचा हात झटकायची.

"टाक हलवू का दुसरीकडं?"

"तिला नको हलवूस," पारूबाई म्हणाली. "तू तारच हलव."

दुपारभर तो खपला. बटन येत्या तारेवर घेतलं, परतीची नवी तार आढ्याजवळून कोरड्या भिंतीनं नेली. मग स्वतः विहिरीवरून घागर आणली. "आता तांब्या न्हाई आक्का. सगळी ओत."

पारूबाईनं अख्खी घागर ओतली. माजघरभर पाणी झालं. सगळ्यांनी वर बघितलं. अंधार. गोजरबाईनं शंभरापर्यंत माळ ओढली. अंधारच.

मग पारूबाईनं बटन दाबलं. लखलखीत उजेड! बंद. चालू. बंद. चालू.

"पुरं गं, डोळे फोडशील!" म्हातारी खेकसली आणि खेकसता खेकसता हसली. "आन् ती गाडी राहू दे रे वैजा. बैलं थकल्यात." वैजीनाथनं मेव्हण्याला मिठीच मारली.

रात्री त्याच दिव्याखाली पंगत बसली. दाजी आणि म्हातारी हात धुवायला उठले. पारूबाई एकटीच देवळीच्या भिंतीला पाठ करून जेवत होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला. तृप्त होऊन चंद्रभान तिच्याकडं बघत होता. उजेड इतका स्वच्छ होता की तिच्या मागं भिंतीवर तिची सावली रेखल्यासारखी दिसत होती.

शेजारी आणखी एक होती. डोक्यावरून पदर घेतलेली.

त्याचा घास हातातच राहिला. "आक्का..."

पारूबाईनं मागं वळून बघितलं नाही. ताट हातानं थोडं ओढलं आणि पाटावर बाजूला सरकली, शेजारी कुणाला बसता येईल एवढी.