लाल शाईचा रकाना

मी दार उघडलं आणि गेरूचा कुंचला थेट माझ्या पदरावर आला!

दारावरचा पुसट झालेला नंबर गिरवणारा तरुण दोन पावलं मागं सरला. "माफ करा बाई... दार असं अचानक उघडंल हे मालूम नव्हतं."

"नंबर माझ्यावरच टाकला, तर आता शिरगणतीही माझ्या एकटीचीच करा!" मी फणकारले.

तो हसला. हसताना डाव्या गालावर खळी पडते हे मी पाहिलंच नाही... म्हणजे पाहिलं, पण लगेच नजर वळवली.

हा इंद्रभान, रंगराव पाटलांचा मुलगा. १९३१ सालच्या शिरगणतीसाठी जानेफळात नेमलेला. आणि मी कोकिळा, मामाकडं राहून मुलींच्या शाळेत शिकवणारी हंगामी मास्तरीण. मूळच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या, तोवरच माझी नोकरी.

ओट्यावर बसून त्यानं कागद उघडला. मामींना नवऱ्याचं नाव विचारताच त्यांनी पदर तोंडाशी नेला. "अगं बाई! त्यायचं नाव म्या कसं घेऊ?"

"उकंडराव," मीच सांगून टाकलं.

"आणि तुमचा धंदा?"

"शिक्षिका."

"कायची शिक्षिका!" आतून मामा म्हणाले. "पुढच्या महिन्यात सरते तिची नोकरी. मामावर अवलंबून, असं लिहा."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इंद्रभाननं ते पाहिलं आणि काळ्या शाईनं लिहिलं – 'शिक्षिका, हंगामी'.

"सव्वीस फेब्रुवारीले दिवेलागणीनंतर पुन्हा येतो," तो म्हणाला. "त्या दिवशी जे असंल, ते लाल शाईनं दुरुस्त."

"माझ्या नावापुढं 'अवलंबून' लिहायची पाळी येणार नाही."

"पाहू."

"पाहाच!"

मी अर्जांचा सपाटा लावला. आणि त्यानं आमच्या घराच्या फेऱ्यांचा.

"तुमचं वय तपासाचं राह्यलं."

"मंगळवारीच तर तपासलं!"

"वाढलं असंल तर?"

हसू दाबायला मला तोंड फिरवावं लागे. पण तीन अर्जांना नकार आला, मूळच्या बाई बाळ घेऊन परतल्या, आणि शाळेमागच्या लिंबाखाली मी रडत बसले. तो शेजारी येऊन उभा राहिला. समजूत वगैरे काही घातली नाही.

"चौथा अर्ज कुठं?"

"चिखलीला."

"मंग रडणं चिखलीनंतर."

"लांब आहे चिखली..."

"आमच्या कापसाच्या गाड्या तिथंच जातात," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

चिखलीचं बोलावणं आलं ते नेमकं सव्वीस तारखेचं. चांगलं पातळ माझ्याकडं एकच. गेरूचा डाग पदराच्या घडीत लपवून तेच नेसले. तिथं म्हणे वर्ग शिकवून दाखवा! चाळीस पोरींचा नुसता गलका. मी फळ्यावर रकाने आखले आणि सगळ्यांची शिरगणतीच मांडली. नाव, वय, मोठेपणी धंदा काय करणार? पोरी पटापट पुढं येऊन लिहू लागल्या. तपासनीस बाईंनी तिथंच कायम नेमणुकीच्या हुकमावर सही केली.

परतीची मोटार फाट्यापर्यंतच होती. पुढं बैलगाडी. दिवेलागणीला जिथं असाल तिथंच गणती, हा नियम मला पाठ होता. दुसऱ्या कुणी माझं नाव लिहावं हे मला मुळीच नको होतं!

मी घरी पोचले तेव्हा अख्खी आळी संपवून इंद्रभान आमच्या ओट्यावर बसला होता.

"लिहा ना हो, कवाचे बसले!" मामा कुरकुरत होते.

"एक माणूस कमी आहे मामा."

"आलं ते माणूस!" मी धापा टाकत म्हणाले.

"धंदा?" त्यानं टाक लाल शाईत बुडवला.

"शिक्षिका. कायम!"

हुकूम मी मामांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, नाक ओढलं, आणि मामींना हाक मारत गूळ आणायला स्वतःच आत पळाले. इंद्रभाननं 'हंगामी'वर लाल रेघ ओढली. गरजेपेक्षा जरा जाडच.

"आणि... हे 'अविवाहित'? तसंच ठेवू?"

"आज ठेवा."

"आज म्हंजे?"

"इंद्रभान," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. इंद्रभान... इंद्रभान."

"काऊन सारखं नाव घेऊन राह्यल्या?"

"पोटभर घेऊन घेते. पुढं मामीसारखं मलाही घेता यायचं नाही ना!"

त्याच्या हातून टाक सुटला. लाल शाईचा थेंब माझ्या घडी सुटलेल्या पदरावर पडला, गेरूच्या डागाशेजारीच. या वेळी मी फणकारले नाही.