आबांचे तीन ठोके

“मोगरी जाळलीस? आबांची मोगरी? कोणाला विचारून?”

“हो, जाळली! यार्डातल्या शेकोटीत घातली, पार कोळसा झाली. तिचं ते तुटकं लोखंडी कडं भंगारात दिलं. तरी ठकठक थांबली नाही ना, ताई! आता काय बेटावर जाऊन भुताला जाब विचारणार आहेस?”

“विचारणारच आहे. तो पाण्याचा कॅन चढव बोटीत.”

इंजिनकाकांनी गोष्ट सुरू केली ती अशी, भांडणाच्या मधूनच. व्हरांड्यातला दिवा त्यांनी स्वतःच उठून मालवला. दिव्यावर किडे येतात म्हणाले. खरं कारण समोर बसलेल्या चौघींना कळत होतं. काकांची पुतणी आणि तिच्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बोटीने त्याच बेटावर तंबूत राहायला निघणार होत्या. ‘काका, तिथे म्हणे काहीतरी आहे?’ असं पुतणीने जेवताना विचारलं, तिथून हे निघालं.

“मी तेव्हा बोटीतच होतो,” काका म्हणाले. “डोकं इंजिनात, कान बाहेर. रात्रीचं पुढे ताईच्या तोंडून ऐकलं. सकाळचं मात्र माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय. मध्ये बोलायचं नाही.”

तर ती ताई. काकांच्याच वयाची, म्हणजे आता साठीच्या पलीकडची. बेट धक्क्यापासून बोटीने पाऊण तासावर. जायला दुसरी वाट नाही. वस्ती नाही, मोबाइलला रेंज नाही. एक विहीर, झाडांची एक रांग, वाळूचा पट्टा आणि त्या वाळूवर आबांनी उभा केलेला तंबूंचा कॅम्प. आबा म्हणजे ताईचे आणि तिच्या धाकट्या भावाचे वडील. वाळूत लोखंडाच्या बोटभर खुंट्या टिकत नाहीत, तिथे हातभर लांबीच्या लाकडी लागतात. त्या तासायच्या ताईने आणि ठोकायच्याही ताईने, वयाच्या दहाव्या वर्षापासून.

तिकडे पहाटेआधी तीनच्या सुमाराला वारा फिरतो. म्हणून आबा रोज रात्री दोन चाळीसला उठायचे आणि मोगरी घेऊन प्रत्येक खुंटी तपासायचे. मोगरी म्हणजे जाड लाकडी हातोडा, फुटू नये म्हणून तोंडाला लोखंडी कडं घातलेलं. कडं अर्धं तुटलेलं. त्यामुळे ठोका बसला की खुंटीच्या डोक्यावर अर्ध्या चंद्राची खूण उमटायची. काकांनी एकदा ते जोडून देतो म्हटलं, तर आबा म्हणाले, “राहू दे. कोणी तपासली ते खुंटीला कळलं पाहिजे.”

खुंटी धाकट्याने ठोकलेली असली, कामाला आलेल्या परक्या माणसाने ठोकलेली असली, तरी आबा एकच ठोका द्यायचे. आवाज ऐकायचे, “धरलीय” म्हणायचे, पुढे जायचे. ताईच्या खुंटीला तीन.

“तीन कशाला, आबा?” असं तिने लहानपणी विचारलं होतं.

“एक ऐकायला. दोन माझ्या समाधानाला. मुलीच्या हातचं काम आहे.”

पुढे ताईसारखी खुंटी ठोकणारं माणूस साऱ्या किनाऱ्यावर राहिलं नाही. एका वादळात धाकट्याने उभारलेले दोन तंबू समुद्रात गेले, ताईचा एक हलला नाही. दुसऱ्या रात्री आबा उठले, धाकट्याच्या खुंटीला एक, ताईच्या खुंटीला तीन. शेवटच्या वर्षी खोकल्याने वाकले होते. एका हातात काठी, दुसऱ्यात मोगरी. तरी तीन. मग एके दिवशी घरी खाटेवर, औषध घेऊन रीतसर गेले. कॅम्प आणि बोट दोन्ही धाकट्याच्या नावावर करून गेले.

त्यानंतरच्या हंगामाची पहिलीच मंडळी बेटावरून परत आली ती पांढरीफटक पडून. त्यांच्यातला एक चष्मेवाला धक्क्यावर बसकण मारून सांगत होता, “रात्री कोणीतरी खुंट्या ठोकत फिरतं हो. दिसत कोणी नाही. ठक, ठक, ठक. थोडं थांबतं. पुन्हा ठक, ठक, ठक.”

धाकट्याची बोबडी वळली. ताई मात्र लालबुंद झाली.

“तीन?” ती त्या चष्मेवाल्यावरच खेकसली. “नीट आठवून सांगा. प्रत्येक खुंटीला तीन?”

“प्रत्येक खुंटीला, बाई.”

“मेल्यावरसुद्धा!” ताई म्हणाली. त्या हंगामाच्या सगळ्या खुंट्या तिनेच ठोकल्या होत्या.

पुतणीला हसू आलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

महिन्याभरात चार वेळा असं झालं. शेवटची मंडळी तर रात्रभर पाण्यात पाय सोडून बोटीची वाट बघत बसली. धाकटा वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. त्याने कॅम्प विकायला काढला. घेणारा ठरला, सह्या दुसऱ्या दिवशी दुपारी. सह्यांच्या आदल्या दुपारचं ते धक्क्यावरचं भांडण.

“माझ्या नावावर आहे, मी विकतोय,” धाकटा म्हणाला.

“नावावर तुझ्या आणि घट्टे माझ्या हाताला! ऐक. आजची रात्र मी एकटी राहते तिथे. सकाळी मी जागेवरून हललेली दिसले तर खुशाल विक. नाही हलले तर कॅम्प चालू राहील आणि मी चालवीन.”

“आणि तुला काही झालं तर?”

“तर तू सुटलास. कॅन चढव.”

तो मंगळवार होता, अकरा नोव्हेंबर. साडेचारला तिला बेटावर उतरवलं आणि बोट परत आली. ताईने तीन तंबू एका रांगेत उभे केले. आठवडाभर खपून नव्या खुंट्या तासल्या होत्या, प्रत्येक तंबूला सहा. त्यांच्या डोक्यांवर ओरखडासुद्धा नव्हता, कारण ती चामड्याचा तुकडा मध्ये ठेवून ठोकायची. अंधार पडायच्या आत सगळ्या अठरा बसवल्या आणि मधल्या तंबूत स्वतःची पथारी टाकली. डब्यातलं खाल्लं. नऊला तंबूची चेन ओढली. झोपायचं नव्हतंच.

बारा वाजले. एक वाजला. आभाळ भरून आलेलं, चांदणी नाही. दोनला वारा पडला. ओहोटी लागलेली, त्यामुळे लाटांचा आवाजही लांब गेला. इतका लांब, की तिला आपल्या मनगटातली नाडी ऐकू यायला लागली.

मोबाइलवर दोन एकोणचाळीस झाले. तिने टॉर्च विझवला.

दोन चाळीस.

ठक. ठक. ठक.

पहिला तंबू. धक्क्याच्या बाजूचा.

भीती वाटली नाही, असं ताई कधीच म्हणाली नाही. “दरदरून घाम फुटला,” म्हणाली, “पण त्या घामाच्या आत राग होता.”

ठक. ठक. ठक. दुसरी खुंटी.

ती कान देऊन ऐकत होती. वाळूत पावलं वाजत नाहीत, ते ठीक. पण खोकला? आबा असते तर खोकले असते. खोकल्याशिवाय त्यांना चार पावलं टाकता येत नव्हती. इथे नुसते ठोके. मध्ये काही नाही. श्वास नाही... काठी टेकल्याचा आवाज नाही...

आबा नसतील तर?

तिसरी. चौथी. पाचवी. सहावी.

थांबलं.

मग अगदी तिच्या उशाशी...

ठक. ठक. ठक.

कापड थरथरलं. तिच्या तंबूची पहिली खुंटी. मग पायाकडची. मग पलीकडची. प्रत्येकीला तीन. एकही कमी नाही.

तिने चेन उघडली. रांगत बाहेर आली. अनवाणी.

कोणी नव्हतं.

काळोख. वाळू. ताणलेला दोर हाताला लागला. ती दोर धरून सरकत गेली. चौथ्या खुंटीपाशी पोचली. तिथे गुडघे टेकले. आणि खुंटीच्या डोक्यावर आपला डावा हात पालथा ठेवला, तळवा खाली.

“झाल्या तीन खुंट्या?” ती अंधाराला म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिने तो आणखी चढवला. “आता ही. तुम्ही आबा असाल तर ऐका, आणि दुसरं कोणी असाल तर तुम्हीही ऐका. पन्नास वर्षं मी खुंट्या ठोकतेय. माझा एक तंबू उडाला असेल तर सांगा. कोणता ते सांगा! तुम्हाला दम लागायचा तेव्हा निजवायचे मी माझ्याच तंबूत. बाहेर तीन-तीन ठोके मारून यायचात आणि आत माझ्याच भरवशावर घोरत पडायचात.”

काही नाही.

“मारा ना. हात काढणार नाही मी. मारायचे तर तिन्ही या हातावर मारा. एक कमी नको.”

काही नाही...

वारा नव्हता. तरी दोर हलला. कोणीतरी टिचकी मारावी तसा. एकदा. तळव्याखाली खुंटी गुणगुणली आणि गप्प झाली.

तिने डोळे मिटले नाहीत. मिटून काही फरकही पडला नसता.

मग हातावरची हवा गार झाली...

काहीतरी वर उचललं गेलं. दिसलं नाही. कळलं.

ती थांबली. हात तिथेच...

टेकलं.

गार. जड. पण तोलून धरलेलं. झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवतात, तितकंच वजन.

ती दुसऱ्याची वाट पाहत राहिली. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. दुसरा आला नाही.

पाचव्या खुंटीवर... ठक.

सहाव्या खुंटीवर... ठक.

मग तिसऱ्या तंबूकडे. एकेका खुंटीला एकेक. ठक... ठक... लांब जात. शेवटी काहीच नाही. आणि वारा फिरला.

काका थांबले. पाणी प्यायले.

सकाळी धाकट्याला एकट्याला जायचा धीर होईना, म्हणून त्याने काकांना सोबत घेतलं, इंजिन आवाज करतंय असं निमित्त काढून. ताई तंबूसमोर स्टोव्हवर चहा करत बसली होती. डावा हात जॅकेटच्या खिशात. एका हाताने चहा गाळताना निम्मा सांडत होती, पण मदत घेईना.

“खुंट्या बघा आधी,” एवढंच म्हणाली.

काका पहिल्या तंबूपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. नव्याकोऱ्या लाकडावर अर्धे चंद्र. एकावर एक पडलेले, तीन-तीन. सहाही खुंट्यांवर. ताईच्या तंबूच्या पहिल्या तीन खुंट्या तशाच. चौथी कोरी. पाचव्या खुंटीपासून मात्र प्रत्येकीवर एकेकच चंद्र, शेवटच्या तंबूच्या शेवटच्या खुंटीपर्यंत.

“तूच केलंस हे,” धाकटा म्हणाला. “रात्रभर बसून.”

“कशाने?”

धाकट्याने तोंड उघडलं. मोगरी जाळल्याचं त्याला बहुतेक तेव्हा आठवलं. तोंड मिटलं. मग कोपऱ्यात सापडलेला माणूस बोलतो तसा बोलला, जोरात आणि नको ते.

“असू देत खुणा! सह्या आज होणार म्हणजे होणार. आबांनी हे माझ्या नावावर केलं ते उगाच नाही, ताई. तुझ्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. अख्ख्या जन्मात नव्हता!”

काका सांगतात, त्यांना वाटलं आता ही चहाचं भांडं त्याच्या डोक्यात घालते. ताई नुसती उठली. खिशातला डावा हात बाहेर काढला आणि धाकट्याच्या नाकासमोर पालथा धरला.

मधल्या बोटाच्या मागे, हाताच्या पाठीवर, अर्धा चंद्र होता. सूज नाही. जखम नाही. शिक्का टेकवावा तसा स्वच्छ. तो अजून तिथे आहे. उद्या ती बोटीतून तुमच्या बॅगा उतरवून घेईल, तेव्हा बघाल.

धाकटा बघत राहिला. मग त्याने त्या कोऱ्या चौथ्या खुंटीकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे.

“घे मोजून,” ताई म्हणाली, “एकच ठोका दिलाय त्यांनी.”