शेजारच्या शहराचं पाणी

बस जोरात वळली आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवरच्या खोक्यातली एक बाटली कलंडून थेट तिच्या पिशवीत रिकामी झाली. पिशवीत रंगवलेल्या कापडाचे चार तुकडे होते.

“माफ करा,” तो गडबडून म्हणाला. “पण काळजी करू नका, स्वच्छ पाणी आहे.”

“कुठलं?”

“वरच्या शहरातल्या शुद्धीकरण केंद्राचं.”

“मग मुळीच स्वच्छ नाही.”

त्याने चष्मा पुसून तिच्याकडे नीट पाहिलं. ती सकाळीच भांडण तोंडपाठ करून निघाली होती. केंद्रात पोचल्यावर कुणीतरी भेटेल असं वाटलं होतं, तो बसमध्येच भेटला, इतकंच.

“तुम्ही तक्रार करायला निघालात का?” त्याने जपून विचारलं.

“हो. तक्रारी कोण ऐकतं तिथे?”

“पाण्याच्या... मीच ऐकतो. मी तिथला केमिस्ट आहे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “पाऊण तासाचा रस्ता आहे, आणि तुम्ही खिडकीकडे अडकलात. उठून जाता येणार नाही.”

तो हसला. तिला राग आला. हसू त्याला शोभत होतं म्हणून जरा जास्तच.

तक्रार साधी होती. वरच्या शहरात प्यायच्या पाण्याची टंचाई. खालच्या शहराला तलाव होता, पण तिथल्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांनी त्याचा तळ गाठत आणलेला. म्हणून मागच्या वर्षी दोन्ही शहरांनी करार केला. वरच्यांनी आपलं सांडपाणी शुद्ध करून खाली कारखान्यांना द्यायचं आणि खालच्यांनी तलावातलं वाचलेलं पाणी वर प्यायला पाठवायचं. कागदावर सगळं छान होतं. तिच्या वडिलांच्या कारखान्यातल्या हौदातून मात्र लाल कापड विटकरी होऊन बाहेर येत होतं. चाळीस वर्षांत ज्यांच्या लाल रंगाला कुणी नाव ठेवलं नव्हतं, ते वडील आता ठाण उजेडात धरून बघायचंच टाळत होते.

“तुमच्याकडे येऊन बघावं लागेल,” तो शेवटी म्हणाला. “बुधवारी चालेल?”

बुधवारी तो आला. पुढच्या बुधवारीही आला. हौदापाशी उकिडवा बसून बाटल्या भरायचा, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचा. कारखान्यात त्याचं नाव ‘बाटलीवाले’ पडलं. ते उडत उडत आत्याच्या कानावर गेलं आणि तिने काळजीने फोन केला.

“रोज घेतो का गं तो?”

“नाही आत्या, फक्त बुधवारी.”

“बुधवारी तरी कशाला...”

“आणि जाताना भरून नेतो,” ती म्हणाली, आणि पुढचा अर्धा तास आत्याची समजूत घालण्यात गेला.

हौदावर वाफ दाटलेली असायची. त्या वाफेतून तो मध्येच मान वर करून बघायचा, आणि ती बघते आहे असं दिसलं की भलत्याच बाटलीवर चिठ्ठी लावायचा.

“हा रंग कुठला?” तिने एकदा दोन तुकडे त्याच्यासमोर धरले.

“लाल.”

“आणि हा?”

“...लालच.”

“पदवी कशात घेतलीत तुम्ही?”

“पाण्यात. त्याला रंग नसतो.”

ती हसली. त्याची बाही हौदात बुडायला आली होती, हात ओले होते. तिने ती बाही कोपरापर्यंत दुमडून दिली. दुसरी बाही कोरडीच होती, पण त्याने तोही हात निमूट पुढे केला. तिने तीही दुमडली... जरा सावकाश.

तिसऱ्या बुधवारी त्याने एका नळीत थोडं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी गडद गुलाबी झालं. तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला.

“इतकं गडद व्हायला नको होतं,” तो म्हणाला. “क्लोरीन आहे. ठरल्याच्या तिप्पट. तुमचा रंग तेच खातंय.”

“म्हणजे चूक बाबांची नाही?”

“नाही.”

“मग तुमची.”

“आमची,” तो हळूच म्हणाला.

तिला आनंद व्हायला हवा होता. त्याचा उतरलेला चेहरा बघून झाला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. नळ लांबचा, वाटेत पाण्याला वास येईल या भीतीने त्याच्या साहेबांनी क्लोरीन वाढवलं होतं, आणि नोंदवहीत जुनाच आकडा लिहायला लावला होता. पुढच्या आठवड्यात दोन्ही शहरांची बैठक होती. रंगाऱ्यांनी करार मोडायची मागणी केली होती, आणि रंगाऱ्यांना काम जमत नाही असं साहेब तिथे सांगणार होते. करार मोडला तर कारखान्यांना पुन्हा तलावाचं पाणी, तेही तीन दिवसांआड. वरच्या शहराच्या घरांत मात्र तेवढंही नाही.

“तुम्ही सांगाल तिथे, खरं काय ते?”

त्याने बाटल्या एकेक करून खोक्यात ठेवल्या.

“बघतो.”

तो एक शब्द तिला दिवसभर टोचत राहिला. नंतरच्या बुधवारी तो आला नाही. ती तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आली. तिसऱ्यांदा वडिलांनी पाहिलं.

बैठकीत लांब टेबलाच्या एका बाजूला वरचे, दुसऱ्या बाजूला खालचे. साहेबांनी वाचून दाखवलं की पाणी उत्तम आहे, रंगवण्याची पद्धत जुनाट आहे. वडिलांची मान खाली गेली. तिने टेबलाखाली त्यांचा हात धरला.

“साहेब, हे बरोबर नाही.”

तो उभा होता. त्याने हातातले कागद टेबलावर ठेवले. वरच्या केंद्रापासून खालच्या शेवटच्या कारखान्यापर्यंत अकरा ठिकाणचे नमुने, तारखेसकट. अकराही ठिकाणी क्लोरीन जास्त.

“चूक आमची आहे,” तो म्हणाला. “पण करार मोडू नका. आम्ही प्रमाण कमी करू. तुम्ही एक उघडी टाकी बांधा, पाणी त्यात उंचावरून पडलं आणि दिवसभर हवा खात राहिलं की उरलेलं क्लोरीनही निघून जाईल. थोडं आम्ही करू, थोडं तुम्ही.”

साहेबांनी चष्मा काढला. मग वडील घसा खाकरून म्हणाले, “टाकी कुठे बांधायची ते बघायला उद्या या. मी जागा साफ करून ठेवतो.”

जिन्यात तिने त्याला गाठलं.

“बुधवारी का नाही आलात?”

“नमुने घेत होतो. आणि... आलो असतो तर तुम्ही विचारलं असतं. मग भीती वाटतेय असं सांगावं लागलं असतं.”

“सांगायचं होतं. मी काही चावले नसते.”

“बसमध्ये चावलाच होतात की.”

महिन्याभरात टाकी उभी राहिली. त्या पाण्यातलं पहिलं ठाण वडिलांनी स्वतः हौदातून काढलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. खूप वेळ धरून ठेवलं. मग डोळे पुसत म्हणाले, “वाफ फार आहे आज.”

दोन दिवसांनी, सोमवारी, तो फाटकात दिसला. ती टाकीच्या कठड्याला टेकून उभी होती. तुषार उडून तिच्या केसांत बसले होते.

“आज सोमवार आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. माझी बदली झाली. आमचा नळ संपतो आणि तुमचा सुरू होतो ना, त्या चौकीवर.”

“शिक्षा केली?”

“साहेबांच्या मते शिक्षा.”

“आणि तुमच्या मते?”

तो कठड्याला टेकला, तिच्यापासून हातभर अंतरावर. मग ते अंतर थोडं कमी केलं.

“मी स्वतः अर्ज केला असता तरी इतकी चांगली जागा मिळाली नसती. तिथून तुमचं फाटक चालत दहा मिनिटांवर आहे. मोजलं मी...” तो अडखळला. “पाणी तपासायला नाही. तुम्हाला भेटायला यायचं म्हटलं तर — रोज आलेलं चालेल?”

टाकीत पाणी धो धो पडत होतं. तिने ऐकलं नाही असं दाखवून त्याला पुन्हा बोलायला लावता आलं असतं. पण त्याचे कान लाल झालेले बघून तिला राहवलं नाही.

“रोज येशील?” ती म्हणाली.

तो दचकला. तिच्याकडे बघतच राहिला.

“काय झालं?”

“तुम्ही मला... ‘येशील’ म्हणालात.”

“हो. आता तूही म्हण.”

“काय म्हणू?”

“काहीही. पण ‘तू’ म्हणून.”

त्याने एकदा कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग त्याने कठड्यावरचा तिचा ओला हात आपल्या हातात घेतला.

“तू फार आवडतेस मला,” तो म्हणाला.