विहिरीतला बोया

"पावणं, पोहायला शिकताय व्हय? मग पाठीला डबा बांधा की, स्वस्तात पडंल."

अनोळखी माणसाशी माझं पहिलं बोलणं हे असं. काउंटरवर त्यानं एक लांबट, केशरी, फुग्यासारखी पिशवी ठेवली होती, एका बाजूनं उसवलेली. शाहूपुरीतलं आमचं दुकान ताडपत्रीचं. माझे वडील, आण्णा, ट्रकवाल्यांची मापं घेतात आणि मी मशीनवर गरम हवेनं जोड चिकटवते. असली वस्तू आमच्याकडं कधी आली नव्हती, आणि माझी जीभ माझ्या आधी धावते.

तो हसला... नुसतं ओठांच्या एका कोपऱ्यातून.

"पोहायला येतंय. हा बोया हाय. आम्ही समुद्राच्या तळाशी असतो, तिथनं हा वर सोडतो. मग बोटवाल्याला कळतं, माणूस हितं खाली हाय."

त्याचं नाव उदयसिंह. गडमुडशिंगीच्या शेतकरी घरातला, पण सीझनभर मालवणला पर्यटकांना पाण्याखाली फिरवायचा. पावसाळ्यात ते काम बंद, म्हणून गावी आलेला.

"जोड चिकटवून देते," मी म्हणाले.

"नको. हा मुळात आखूड हाय. लाटांत बोटीवरनं दिसतच न्हाय. नवीन करून द्याल?"

"केवढा पायजे?"

"माझ्याएवढा."

टेप घेऊन मी स्टुलावर चढले. तो शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला, आणि मी माप दोनदा घेतलं. पहिलं बरोबर आलं होतं, ते सोडा.

"पिवळा चालंल? नवा रोल आलाय."

"केशरीच. निळ्या पाण्यात लांबनं उठून दिसतो. आणि ह्याचं तोंड उघडं ठेवू नका. कलंडला की सगळी हवा जाती. जुन्याचा व्हॉल्व्ह ह्याला बसवा, जादा हवा तिथनं निघून जाईल."

"जादा कुठनं येणार? भरणार तर तुम्हीच."

"खाली थोडीशीच भरायची. वर येईल तशी ती आपोआप फुलत जाती."

"आपोआप?"

"वर पाण्याचा दाब कमी होतो की."

त्या रात्री जेवताना मी हेच आईला सांगत बसले. आईनं विचारलं, कोण गं हा? मी म्हटलं, गिऱ्हाईक.

मग गिऱ्हाईक सारखंच यायला लागलं. कधी बोयाला कडी हवी, कधी ठेवायला पिशवी हवी. मी विचारत राहायची. खाली अंधार असतो का? मासे माणसाला बुजतात का? पाण्यात शिंक आली तर? तो काउंटरला टेकून सगळ्याची उत्तरं द्यायचा, आणि माझ्याकडं बघता बघता मधेच थांबायचा...

एक गोष्ट मात्र त्यानं आपणहून सांगितली नाही. आण्णांनी विचारलं तेव्हा कळली. दसरा झाला की तो अंदमानला चालला होता, नोकरीला.

"परत कवा?" आण्णा म्हणाले.

"बघू. जमलं तर तिथंच."

माझ्या हातातल्या ताडपत्रीला भोक पडलं. आण्णा ओरडले, ते मला ऐकूच आलं नाही. जाण्याआधी ह्यानं माझ्याशी काहीतरी बोलावं, एवढंच मला हवं होतं. आणि हा बाबा व्हॉल्व्हवर बोलत होता. मी तरी कुठं विचारत होते? शिंकेपर्यंतचे सगळे प्रश्न विचारून झाले, हा एक काही तोंडातून निघेना.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "बोया आमच्या विहिरीत तपासणार हाय. करणारीनं बघायला नको?"

मी गाडी काढलीच.

विहीर चांगली चार पुरुष खोल. पाठीवर सिलेंडर बांधून तो पायरीवर बसला होता. बोयाच्या दोरीची चकरी त्यानं माझ्या हातात दिली, तशी मी ती त्याच्या पट्ट्याला बांधून टाकली, ट्रकवाल्यांची पक्की गाठ मारून.

"हे काय?"

"सुटू नये म्हणून."

"अंतरा, हे बांधायचं न्हाय. दोरी अडकली तर बोया मला ओढून एकदम वर आणंल. ते लई धोक्याचं. हातात धरायची, अडकली की सोडून द्यायची."

आमच्या गाठी अशा सुटत नाहीत. दोघांची बोटं त्या गाठीत बराच वेळ होती... शेवटी सुटली आणि तो खाली गेला.

बुडबुडे येत राहिले. मग हिरव्या पाण्यातून बोया सुळकन वर आला आणि ताठ उभा राहिला. जोड टिकला होता. खुशीत मी दोरी ओढली, आणि दोरीबरोबर चकरीच वर आली. एकटी.

अडकली असेल, त्यानं सोडली असेल. कळत होतं मला. पण बुडबुडे कपारीच्या सावलीत गेले आणि दिसेनात.

"उदय, वर ये की. उदय... तू गेलास तर मी काय करू?"

गावभर ऐकू जाईल असं मी ओरडत होते. बऱ्याच वेळानं तो निवांत वर आला.

"हळूच यायचं असतं, अगं. चकरी अडकलीती."

"तू मला काय सांगतच न्हाईस. अंदमानचं सांगितलंस? मला तू आवडतोस, आणि तू नुसती मापं देत बसलायस." माझे डोळे भरून आले होते आणि रागही मावत नव्हता.

तो बोयाला धरून तसाच तरंगत राहिला. "मला वाटलं... वर्षातनं आठ महिने पाण्यात राहणाऱ्याला कोण पोरगी देतंय."

"पोरीला विचारलंस?"

"विचारतो की. मला तू लई आवडतीस. तिकडं जायचं तर ठरलंय... थांबशील माझ्यासाठी?"

"थांबायला मी काय एसटी स्टँड हाय? मी येणार तिकडं. खाली काय असतं, ते मला बघायचंय."

तो इतका हसला, की नाकातोंडात पाणी गेलं.

तेवढ्यात त्याची आई, बाळाबाई, हातातल्या विळ्यासकट गोठ्यातून धावत आली. "कोण बुडालं रं?"

"कोण न्हाय, आई. सून आलीया. चहा ठेव."

बाळाबाईंनी मला नीट निरखून बघितलं. मी पदर नसलेल्या खांद्यावर उगाच पदर शोधत होते.

"आवाज चांगला हाय," त्या म्हणाल्या. "रानातनं हाक मारायला बरी पडंल."