तिसरी हाक

आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, त्या दिवशी सकाळी जत्रेसारखा उत्साह होता. देशभरच्या कॉलेजांना आळीपाळीने मिळणारी, जमिनीच्या पोटातलं दाखवणारी यंत्रं अखेर रत्नागिरीच्या वाट्याला आली होती. कातळाखाली पाणी कुठे आहे, ते आता खड्डा न मारता कळणार होतं. ज्ञानेश्वरी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून लेक सानवीही आली होती. टोपी, डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पाठोपाठ आईची नजर.

सानवी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू छान येतंय, तुम्ही हाका मारत राहा. ज्ञानेश्वरी दिवसभर हाका मारायची. पोर वळून गोड हसायची. बस, तेवढंच.

कातळाच्या भेगांमध्ये ओळीने जमिनीची थरथर टिपणारे जिओफोन रोवले. ज्ञानेश्वरीचा सहकारी नितेश त्यांना 'कान' म्हणायचा. टोकाला लोखंडी पाट ठेवून त्याने घण उचलला. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. लॅपटॉपवर रेघा थरथरल्या, जवळच्या कानापासून लांबच्या कानापर्यंत, एकामागून एक.

शेजारच्या बागेतल्या काशीकाकू चहाची किटली घेऊन आल्या.

"एकाच जागी तीनदा कशाला मारतोस रे? राग आलाय कुणाचा?"

"एखादा ठोका वाऱ्यात हरवतो, काकू. तीन एकत्र केले की चित्र स्वच्छ येतं."

"म्हंजे हाकच की ती. एक-दोन हाका भूतपण मारतं, तिसरी माणसाची. तिसरीला ओ द्यायलाच लागते."

"पाण्याने दिली तर देवच पावला," नितेश म्हणाला आणि सगळे हसले.

जागा बदलून त्याने पुन्हा तीन ठोके दिले. घण खाली ठेवला, कप उचलला.

रेघा थरथरल्या.

"ट्रक असेल," तो म्हणाला. ज्ञानेश्वरीने वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. शिवाय बाजूने आलेला आवाज एका कानाकडून दुसऱ्याकडे पळत जातो. हा सगळ्यांना एकदम पोचला होता. सरळ खालून.

पुन्हा थरथरल्या.

वारा पडला होता. वाळकं गवतसुद्धा हलत नव्हतं.

तिसऱ्यांदा.

"ओ," सानवी म्हणाली.

ज्ञानेश्वरीने तिला उचलून गरागरा फिरवलं. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. काशीकाकूंनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्या तीन थरथरी नितेशने यंत्राचा बिघाड म्हणून पुसून टाकल्या. पेट्या बंद होऊन पुढच्या कॉलेजाकडे गेल्या. ओ कुणाला दिलीस, हे ज्ञानेश्वरीने विचारलं नाही. विचारलं आणि पोर पुन्हा मुकी झाली तर?

आता सानवी दिवसभर बोलते. शेजारच्या मांजरीचं, कोंबड्यांचं, आईने काढलेल्या घावनांचं. मध्येच गप्प होते, मान डोलावते, खुदकन हसते. ऐकून ज्ञानेश्वरीचं घर भरून जातं.

रविवारी तिने जेवायला हाक मारली. सानवीने फरशीवरची नजर न काढता हात वर केला.

"थांब ना आई. त्यांचं बोलून होऊ दे."