मदनगीरचा ओला बुरुज

मदनगीरच्या भुईकोट किल्ल्याचा पश्चिम बुरुज मे महिन्याच्या तीन, आठ आणि तेरा तारखेला ओला होता. इतर दिवशी तो कोरडा ठणठणीत होता. त्या महिन्यात मदनगीरला पावसाचा थेंबही पडला नव्हता.

"म्हणजे अठराला परत भिजणार!" सुट्टीसाठी लातूरहून मामाकडे आलेल्या अक्षराने वहीत आकडा लिहिला.

"महादेवाची गंगा हाय ती. मोजायची नसती," मामेभाऊ मल्लिनाथ म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्याचं घर बुरुजाच्या पायथ्याशी होतं, आणि मागच्या पावसाळ्यात बुरुजाचे दोन दगड निखळून थेट अंगणात आले होते.

दुरुस्तीचं काम पाहणाऱ्या अभियंता बबिता मॅडम दहा तारखेला येऊन गेल्या होत्या. पहारेकरी निवृत्तीकाकांनी त्यांना नव्याने चुना लावलेला मुख्य दरवाजा दाखवला, चहा पाजला आणि अगदी शेवटी बुरुजाकडे नेलं. बुरुज कोरडा! 'दुरुस्तीची घाई नाही,' असं लिहून मॅडम परतल्या.

अक्षराने त्यांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "पावसाळ्याआधी मला एकच फेरी जमेल, तीही तासाभराची. किल्ल्याचा कोणता भाग, कोणत्या दिवशी, किती वाजता पाहायचा, ते नेमकं सांग. अंदाज चुकला, तर दुरुस्ती दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर! मध्ये अख्खा पावसाळा होता.

"तेवीस तारीख सांगून टाक की!" शेजारची अंबिका म्हणाली.

"आधी अठराला काय होतं ते बघू."

अठराला तिघं पहाटेपासून बुरुजासमोर ठाण मांडून बसले. ऊन चढलं, उतरलं. भिंत कोरडीच!

"मोजत बसलीस ना? रुसली गंगा!" मल्लिनाथ चिडून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तोच धापा टाकत आला. "अक्षरे, चल! भिंत भिजायलीय!"

नियम एका दिवसाने घसरला होता. मग गावात आणखी काय एका दिवसाने घसरलं? अक्षराची नजर दारातल्या भरलेल्या घागरींवर गेली.

"मामी, नळ आज आले?"

"काल येणार होते, बाई. काल लाईट नव्हती, म्हणून आज सहाला पाणी सोडलं," जगदेवीमामी घागर उचलत म्हणाल्या. "पाचव्या दिवशी येतंय, अन् त्यातबी नखरे!"

तिघं धावत सुटले, ते थेट किल्ल्यात! बुरुजाच्या आतल्या बाजूला पर्यटकांसाठी बांधलेली सिमेंटची टाकी होती. तिचा नळ सताड उघडा होता, टाकी भरभरून वाहत होती आणि वाहिलेलं पाणी फरशीच्या भेगेत गडप होत होतं.

"काका, नळ बंद का करत नाही?" अक्षराने विचारलं.

खाटेवर पहुडलेल्या निवृत्तीकाकांनी एक डोळा उघडला. "बंद ठिवला अन् पाणी आलंच तर? पाच दिवस टाकी कोरडी! सगळं गावच नळ उघडा ठिवतंय. लई शहाणी हायस!"

यात खोटं काही नव्हतं. लातूरला तिच्या घरीही नळ असाच उघडा असे.

"आता चोवीसला पाणी येणार. त्या दिवशी पहाटेच मी नळ बंद करतो बघ!" बाहेर येताच मल्लिनाथ म्हणाला.

"अजिबात नाही! मॅडमना दुसऱ्यांदा कोरडी भिंत दाखवायची आहे का?"

"म्हंजी आमच्याच डोक्यावरची भिंत भिजू द्यायची?"

"एकदाच. काका रोज करतात तेच त्यांना करू दे. त्यांना काही सांगायचं नाही."

मल्लिनाथने मान वर करून बुरुजाकडे पाहिलं. मग म्हणाला, "एकदाच हं!"

अक्षराने फोन लावला. "मॅडम, पश्चिम बुरुज, बाहेरची बाजू. चोवीस तारीख, सकाळी साडेनऊ. पण त्या दिवशी सहाला नळ आले तरच. आले की कळवते."

"नळाच्या वेळेवर किल्ला पाहायचा? नोकरीत पहिल्यांदाच ऐकतेय!"

चोवीसला सहाला पाणी आलं. सातला टाकी वाहू लागली. साडेसातला अंबिकाने कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली फरशीच्या त्या भेगेत ओतली.

मॅडम आल्या, तेव्हा निवृत्तीकाका हार घेऊन सज्ज होते. "आधी दरवाजा बघा, मॅडम!"

"आधी बुरुज," मॅडम म्हणाल्या.

साडेनऊला भिंतीवर ओल दिसली. मॅडम म्हणाल्या, "ओल आहे खरी. पण ती टाकीचीच कशावरून?"

अक्षराचं लक्ष घड्याळावर होतं. नऊ अडतीसला दोन दगडांच्या सांध्यातून एक बारीक रेघ खाली उतरली.

"निळी! निळी हाय!" मल्लिनाथ ओरडला.

निवृत्तीकाकांच्या हातातला हार तसाच राहिला. मॅडमनी आत जाऊन स्वतः नळ बंद केला. मग त्या मुलांकडे वळल्या. "मी चहा पिऊन गेले होते. तुम्ही तारखा लिहिल्यात. परवापासून दुरुस्तीचं काम सुरू होईल. भेग तर आजच बुजवायची."

"माझ्या लक्षातच आलं न्हाई," काका पुटपुटले. "पोरं हुशार निघाली."

दुपारी जगदेवीमामींनी अंगणातल्या दोन दगडांकडे पाहिलं आणि तिघांच्या ताटांत तूप जरा सढळ हाताने वाढलं.

मॅडमच्या अहवालात त्या दिवशी एवढंच लिहिलं गेलं: 'कारण: टाकी भरल्यावर पाणी थांबवणारा गोळा नळाला बसवलेला नाही आणि नळ कायम उघडा असतो. जादा पाणी फरशीच्या भेगेतून बुरुजाच्या भरावात उतरते आणि सुमारे दोन तासांनी बाहेरच्या भिंतीतून झिरपते.'